प्रतिरोपित मूत्रपिंडातील रक्तवाहिन्यांचे उपद्रव व त्यांचे निदान

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाच्या शरीरात यशस्वी रीतीने बसविले. तेव्हापासून या शस्त्रक्रियेतील प्रमुख अडचण म्हणून परक्या अवयवास शरीराकडून होणारा विरोध सर्वपरिचित आहे. परंतु रक्तवाहिन्यांत दोष उद्‌भवल्यानेही नवे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. लघवी घटणे, रक्तातील क्रिएटिनिन वाढणे ही लक्षणे दोन्ही प्रसंगी सारखीच असतात. उपचार मात्र सर्वस्वी भिन्न असतात. निदानाचे महत्त्व येथेच आहे.

प्रतिरोपित मूत्रपिंड ओटीपोटाच्या बाजूस, त्वचेपासून फारसे खोल नसलेल्या जागी बसवितात. त्यामुळे श्राव्यातीत ध्वनीने त्याची तपासणी सुलभ होते. वाहत्या रक्तकणांवरून परावर्तित होणाऱ्या ध्वनीची कंप्रता बदलते. या डॉप्लर परिणामावरून रक्ताची दिशा व वेग कळतो.

रोहिणीत गुठळी झाल्यास लघवी एकाएकी थांबते व मूत्रपिंडात रक्तप्रवाह आढळत नाही. रुग्णाची मूळची मूत्रपिंडे थोडीबहुत लघवी करीत असतील, तर हे लक्षण झाकले जाते. नीलेतील गुठळी बहुधा पहिल्या आठवड्यात होते. मूत्रपिंड सुजते, दुखते व लघवीत रक्त उतरते. नीलेतील प्रवाह दिसेनासा होतो आणि हृदयाच्या शिथिलावस्थेत रोहिणीतील रक्त उलट दिशेने वाहते. असा उलटा प्रवाह तीव्र विरोधातही आढळत असल्याने केवळ त्यावरून निर्णय करणे योग्य नव्हे. दोन्ही प्रकारांत अवयव वाचविण्यास काही तासांचाच अवधी मिळतो.

रोहिणीचा संकोच सामान्यतः ३ महिने ते २ वर्षे या काळात प्रकट होतो. औषधांना दाद न देणारा रक्तदाब हे त्याचे मुख्य चिन्ह होय. नदीचे पात्र अरुंद झाले की पाणी वेगाने धावते, तद्वत संकोचाच्या जागी रक्ताचा वेग वाढतो. तो सेकंदास सुमारे २५० सेंटिमीटरांहून अधिक भरल्यास संशय बळावतो. त्याच्या पुढे, मूत्रपिंडाच्या आतील शाखांत, नाडीची लाट मंदावलेली व ठेंगणी दिसते.

अंतिम निर्णय रोहिणीत रंजक द्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्राने होतो. हे द्रव्य मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकते, म्हणून ही परीक्षा प्रारंभीच करीत नाहीत. तथापि त्याच बैठकीत फुग्याने रोहिणी रुंद करून निदानाबरोबर उपचारही साधता येतो.