समुद्रातील रस्ता आणि आपली द्राक्षे



आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत समुद्र नाही. आपल्याकडे नीरा आहे, कऱ्हा आहे, भीमा आहे, उजनीचे मोठे पाणी आहे. पण जहाज आपल्या वर्गात कुणीच पाहिलेले नाही. मीही पाहिलेले नाही. तरीसुद्धा आपल्या मळ्यातील द्राक्षे आणि डाळिंबे जहाजात बसून दूर दूर जातात. माझे मामा कंटेनरची गाडी चालवतात. ते आपल्या भागातील द्राक्षे न्हावा-शेवाच्या बंदरावर पोहोचवतात. त्यांनी मला पुष्कळ सांगितले. गुरुजींनी फळ्यावर नकाशा काढून दाखवला. ते सर्व मी या लेखात लिहिले आहे.

न्हावा-शेवा कोठे आहे?

न्हावा आणि शेवा ही रायगड जिल्ह्यातील दोन गावे. त्या दोन गावांच्या नावाने लोक बंदराला ओळखतात. बंदराचे खरे नाव जवाहरलाल नेहरू बंदर असे आहे. बारामतीहून ते अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुणे लागते, मग बोरघाट उतरायचा, मग पनवेल, मग बंदर.

मुंबईचे बंदर फार जुने आहे. तिथे गर्दी वाढली, जागा पुरेना. म्हणून मुंबईच्या समोर, पाण्याच्या पलीकडच्या काठावर हे नवीन बंदर बांधले. ते 26 मे 1989 रोजी सुरू झाले. घारापुरीची प्रसिद्ध लेणी ज्या बेटावर आहेत, ते बेट तिथून जवळच आहे.

समुद्रात रस्ता कशाला पाहिजे?

मी गुरुजींना विचारले, “गुरुजी, समुद्र तर एवढा खोल असतो. मग जहाजासाठी त्यात रस्ता कशाला खणायचा?”

गुरुजी म्हणाले, “उन्हाळ्यात उजनीच्या काठावर काय होतं ते आठव.”

मित्रांनो, पावसाळ्यानंतर उजनी भरली की होडी काठाला लागते. आपण टुणकन उडी मारून उतरतो. पण उन्हाळ्यात पाणी मागे जाते. मग होडीचा तळ काठापासून लांबच गाळात टेकतो. माणसे चपला हातात घेऊन चिखलातून चालत येतात. पाणी तर दिसत असते, पण होडीला पुरत नाही.

समुद्राचेही तसेच आहे. समुद्र मध्ये खोल असतो, पण काठाजवळ उथळ असतो. शिवाय खाडीत गाळ साचतो. जहाजाचा जेवढा भाग पाण्याच्या खाली बुडतो त्याला ड्राफ्ट म्हणतात. लहान होडीचा ड्राफ्ट गुडघाभर असेल. पण न्हावा-शेवाला येणाऱ्या मोठ्या जहाजांचा ड्राफ्ट 15 मीटरपर्यंत असतो. 15 मीटर म्हणजे जवळजवळ 50 फूट. आमच्या मळ्यातील विहीर 50 फूट आहे. म्हणजे आमच्या विहिरीएवढे जहाज नुसते पाण्याखालीच असते! वरचे वेगळे.

एवढे मोठे जहाज काठापर्यंत यावे म्हणून समुद्राच्या तळाचा गाळ आणि खडक काढून एक लांब चर केला आहे. त्याला चॅनल म्हणतात. मुंबईच्या बाहेरच्या समुद्रापासून न्हावा-शेवापर्यंतचा हा चर 30 किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. म्हणजे बारामतीहून भिगवणला जावे एवढा. हाच समुद्रातील रस्ता. तो वरून दिसत नाही. वरून सगळीकडे सारखेच पाणी दिसते.

दिसत नाही तर जहाज चुकत कसे नाही?

रस्ता कळावा म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा साखळीने बांधून ठेवलेल्या असतात. त्यांना बोया म्हणतात. आपल्या देशात समुद्राकडून बंदरात येताना डाव्या हाताला लाल बोया आणि उजव्या हाताला हिरवा बोया असतो. रात्री त्यांच्यावर दिवे लागतात. जहाजाने दोन्हींच्या मधून यायचे.

जहाजाचा कॅप्टन परगावचा किंवा परदेशचा असतो. त्याला इथला तळ आणि इथले प्रवाह बारकाईने माहीत नसतात. म्हणून बंदराचा एक वाटाड्या छोट्या बोटीतून जातो आणि दोराच्या शिडीने जहाजावर चढतो. त्याला पायलट म्हणतात. मला वाटायचे की पायलट फक्त विमानात असतो. पण जहाजालाही पायलट असतो. तो कॅप्टनच्या शेजारी उभा राहून वाट सांगतो.

भरती-ओहोटीचेही गणित असते. मोठ्या भरतीला मुंबईकडे समुद्राचे पाणी 4 मीटरपेक्षा जास्त चढते. फार खोल बुडणारी जहाजे भरतीची वेळ साधून आत येतात. शेवटी धक्क्याजवळ आले की मोठ्या जहाजाला पटकन वळता येत नाही. तेव्हा टग नावाच्या लहान पण ताकदवान बोटी त्याला ढकलतात, ओढतात आणि हळूच धक्क्याला लावतात. बैलगाडी मागे घेताना आपण चाकाला हात देतो तसेच.

गाळ पुन्हा पुन्हा येतो

एकदा चर खणला म्हणजे काम संपले असे नाही. नद्या आणि खाड्या दर पावसाळ्यात माती आणतात. लाटा आणि भरती-ओहोटी ती इकडची तिकडे करतात. चर पुन्हा भरू लागतो. त्यासाठी ड्रेजर नावाचे जहाज असते. ते लांब नळाने तळाचा गाळ ओढून पोटात भरते आणि दूर ठरलेल्या जागी नेऊन टाकते. आपण पाझर तलावातील गाळ काढतो, तसे हे समुद्रातील गाळ काढणे आहे. फरक एवढाच की तलावातील गाळ आपण शेतात टाकतो. समुद्राचा गाळ खारा, तो शेताला चालत नाही.

धक्क्यावर काय काय असते?

जहाज जिथे लागते आणि माल चढतो-उतरतो त्या जागेला टर्मिनल म्हणतात. न्हावा-शेवाला कंटेनरची पाच टर्मिनल आहेत. तेलासारख्या पातळ मालासाठी वेगळा धक्का आहे.

कंटेनर म्हणजे लोखंडाची मोठी खोली. ती 20 फूट किंवा 40 फूट लांब असते. पूर्वी हमाल एक एक पोते पाठीवर घेऊन जहाजात चढवत. त्याला कितीतरी दिवस लागत. मग अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन नावाच्या माणसाला कल्पना सुचली की माल गाडीवरून उतरवायचाच नाही, पेटीच उचलून जहाजात ठेवायची. 26 एप्रिल 1956 रोजी त्यांचे जहाज 58 कंटेनर घेऊन निघाले. आज एका मोठ्या जहाजावर हजारो कंटेनर असतात. न्हावा-शेवाला 2023-24 या एका वर्षात 20 फुटी मापाने मोजले तर 64 लाखांपेक्षा जास्त कंटेनर हाताळले गेले. 40 फुटी असला तर तो दोन धरतात.

धक्क्यावर उंच क्रेन असतात. त्या रुळांवर चालतात. क्रेन वरून खाली येते, कंटेनरचे चारी कोपरे पकडते आणि उचलून जहाजात ठेवते. मामा म्हणतात, “आपण तंबाखू मळेस्तोवर एक उचलला जातो.” (तंबाखू वाईट आहे, हे मी मामांना सांगितले आहे.) जड कंटेनर शक्यतो खाली आणि हलके वर ठेवतात, नाहीतर जहाज कलंडेल.

द्राक्षांचा कंटेनर वेगळा असतो

इंदापूर तालुक्यातील बोरी गाव द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या गावातही बागा आहेत. परदेशी जाणारी द्राक्षे सकाळी गार वेळेला तोडतात. पॅकहाउसमध्ये निवडून पेट्या भरतात. मग थंड खोलीत ठेवून त्यांच्यातील उष्णता काढतात. त्यानंतर ती थंड कंटेनरमध्ये भरतात. त्यातील हवा शून्य अंशाच्या जवळपास ठेवतात. माल निरोगी आहे असा सरकारी दाखला लागतो. दार बंद करून सील लावतात. ते परदेशात पोहोचल्यावरच तोडायचे.

वाटेत गाडीवर थंडाव्याचे यंत्र चालू ठेवावे लागते. बंदरात गेल्यावर कंटेनरला विजेची जोडणी देतात. त्यासाठी तिथे खास जागा असते. जहाजावरही वीज असते. म्हणजे मळ्यापासून ते रॉटरडॅमपर्यंत कंटेनर कुठेही गरम होता कामा नये. रॉटरडॅम हे नेदरलँड्स देशात आहे आणि ते युरोपातील सर्वात मोठे बंदर आहे.

जहाज कुणासाठी थांबत नाही

प्रत्येक जहाजाची वेळ ठरलेली असते. त्या वेळेच्या आधी कंटेनर बंदराच्या गेटमधून आत गेला पाहिजे. 2024 च्या फेब्रुवारीत आमच्या बागेचा माल मामांच्याच गाडीत होता. बोरघाटात पुढे अपघात झाला आणि रस्ता तुंबला. रात्री मामांचा फोन आला, “दाजी, घाटात अडकलोय. गाडी हलंना.” नाना, म्हणजे माझे वडील, रात्रभर ओट्यावर बसून होते. मामा पोहोचले तेव्हा गेटची वेळ संपली होती. माल चार दिवसांनी दुसऱ्या जहाजाने गेला.

त्यातच त्या वर्षी जहाजांची वाटही लांबली होती. आपल्याकडून युरोपला जाण्याची जवळची वाट तांबड्या समुद्रातून आणि सुएझ कालव्यातून आहे. पण 2023 च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या बाजूने तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. म्हणून पुष्कळ जहाजे आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जाऊ लागली. त्याला दहा ते पंधरा दिवस जास्त लागत. याआधी 2021 च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचे 400 मीटर लांब जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले होते. तेव्हा सहा दिवस कालवा बंद पडला होता.

आमची द्राक्षे उतरली तेव्हा काही पेट्यांतील देठ सुकले होते आणि मणी गळाले होते. नानांना ठरल्यापेक्षा कमी पैसे आले. बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालायचे होते, ते राहिले. नाना म्हणाले, “मी फवारणी वेळेत केली, छाटणी वेळेत केली. पण समुद्रावर माझा काय इलाज?” म्हणून मी हा विषय लिहायला घेतला.

नवीन बंदर आणि जुनी गावे

आता पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे आणखी मोठे बंदर होणार आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. तिथे समुद्र आपोआपच सुमारे 20 मीटर खोल आहे. त्यामुळे सर्वात मोठी जहाजेही येऊ शकतील. पण तेथील मच्छीमारांचा बंदराला विरोध आहे. आपली मासे पकडण्याची जागा जाईल अशी त्यांना भीती वाटते.

न्हावा-शेवाचे बंदर झाले तेव्हा शेवा गावातील कोळी लोकांना आपले गाव सोडावे लागले होते. हे ऐकून माझी आजी म्हणाली, “आपल्याकडं तरी दुसरं काय झालं?” उजनी धरण 1980 मध्ये झाले तेव्हा भीमाकाठची पुष्कळ गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी आटले की वर दिसते. त्या पाण्यावर आपला ऊस आणि आपल्या बागा पिकतात. मला वाटते, बंदर पाहिजे, कारण आपला माल जायला पाहिजे. पण ज्यांची जागा जाते त्यांना आधी विचारायला पाहिजे, चांगले घर द्यायला पाहिजे आणि कामही द्यायला पाहिजे.

करून पाहा

परातीत पाणी घ्या. एका बाजूला वाळूचा उतार करा. स्टीलच्या वाटीत दोन खडे ठेवून ती काठाकडे ढकला. वाटी कुठे टेकते तिथे खूण करा. मग दहा खडे ठेवा. आता वाटी आधीच टेकेल. मग बोटाने वाळूत चर करा आणि वाटी त्या चरातून आणा. दहा खडे घेऊनही ती काठाजवळ येईल. हेच चॅनल!

सांगा पाहू

1. समुद्राकडून बंदरात येताना लाल बोया कोणत्या हाताला असतो?
2. जहाजाच्या वाटाड्याला काय म्हणतात?
3. मामा तीन वाजता गेटवर पोहोचले आणि गेटची वेळ दोनची होती, तर द्राक्षांचे काय होईल?

तिसऱ्याचे उत्तर पालकांनी दिले तरी चालेल.

— इयत्ता 4 थी