पितळी स्टोव्हचे दिवस

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पंपाचा पितळी स्टोव्ह अजून नजरेला पडतो. बहुतेक वेळा तो भंगाराच्या तराजूतून परत आलेला असतो. किलोच्या भावाने घेतलेल्या पितळेच्या ढिगातून कुणीतरी ऐनवेळी बाजूला काढलेला. समई, पानाचा डबा, अडकित्ता आपण जपले, दिवाणखान्यात मांडले. शहरातल्या मराठी बिऱ्हाडांत दोन-तीन पिढ्यांचा स्वयंपाक ज्याच्यावर झाला तो स्टोव्ह मात्र गॅस आल्यावर माळ्यावर गेला आणि माळा आवरताना मोडीत निघाला. मी हे स्टोव्ह गोळा करतो, ते ही गोष्ट मनाला लागली म्हणून.

या स्टोव्हचं मूळ गाव स्टॉकहोम. दाबाखालच्या इंधनाची वाफ करून ती जाळायची, हे तंत्र तिथे कार्ल रिकार्ड नीबेरी याच्या ब्लोलॅम्पमुळे कारागिरांच्या हाती आलं होतं. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने 1892 मध्ये त्यातून रॉकेलचा, काजळी न धरणारा स्टोव्ह घडवला. त्याचं नाव प्रायमस. बी. ए. योर्त कंपनीने तो जगभर विकला. आमुंडसेन 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा प्रायमस त्याच्या सामानात होता, आणि 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत तेनसिंग आणि हिलरी यांच्यासाठी बर्फ वितळवला तोही प्रायमसनेच. पुढे स्वीडनमध्येच ऑप्टिमस, रेडियस, स्वेया अशी भावंडं निघाली. आपल्याकडे मात्र कुठल्याही पंपाच्या स्टोव्हला कितीतरी घरांत प्रायमसच म्हणत.

ध्रुवावरच्या तंबूत आणि गिरणगावातल्या चाळीत अडचण एकच होती: जागा कमी, जळण कमी, धूर नको. दहा बाय बाराच्या खोलीत चूल पेटवली की सगळा मजला खोकायचा. कोळशाची शेगडी फुलायला वेळ घेई आणि पहिल्या पाळीचा भोंगा तिच्यासाठी थांबत नसे. स्टोव्ह ओट्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर, वेळ आली तर गॅलरीतही मांडता येई. चावी सैल करायची, बर्नरखालच्या वाटीत थोडं स्पिरिट ओतायचं किंवा भिजवलेला काकडा अडकवून पेटवायचा. बर्नर चांगला तापला की चावी आवळून दोन-चार पंप मारायचे. टाकीतलं रॉकेल दाबाने नळीतून वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, निपलच्या सुईएवढ्या छिद्रातून ती जोराने सुटते आणि हवेत मिसळून निळी जळते. मग तो भर्र असा आवाज. सकाळी मजल्यावर किती घरं जागी झाली, हे त्या आवाजावरून कळायचं.

हे तंत्र बायकांनी हाताने आत्मसात केलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्योत पिवळी पडली की पिन मारायची, पंप हलका लागला की कातडी वॉशर वाळलाय हे ओळखून त्याला तेलाचं बोट लावायचं, भात शिजत आला की चावी किंचित सोडून आंच उतरवायची. शाळेची पायरी न चढलेल्या कितीतरी जणी दाब, वाफ आणि छिद्र यांचं गणित रोज सोडवत होत्या. पिनांची पुडी काडेपेटीशेजारी असायची. त्याहून मोठं दुखणं असेल तर गल्लीत हाळी देत येणारा स्टोव्ह रिपेअरवाला पायरीवर बसून निपल बदलून, टाकीला डाग देऊन जायचा.

आता ओळखीबद्दल, कारण संग्रह करणाऱ्याला सगळ्यात आनंद तिथेच आहे. स्टोव्ह हाती आला की आधी उलटा करावा. स्वीडिश प्रायमसच्या टाकीवर बनवणाऱ्याचं नाव, स्टॉकहोम आणि ‘मेड इन स्वीडन’ असं ठाशीव कोरलेलं असतं. 1911 पासून टाकीवर वर्षाचं इंग्रजी अक्षरही येऊ लागलं: ए म्हणजे 1911, पुढे क्रमाने, आणि एकेरी अक्षरं संपल्यावर जोडीची. एवढ्या एका अक्षरावरून तुमच्या पणजीचा स्टोव्ह पहिल्या महायुद्धाआधीचा की नंतरचा हे सांगता येतं. बर्नर दोन जातींचे. आवाज करणाऱ्यात ज्योतीच्या तोंडावर लहानशी तबकडी बसवलेली असते. बिनआवाजी बर्नरवर भोकांची टोपी असते आणि ज्योती लहान, मऊ. घरात सर्रास दिसणारा नंबर 1 आवाज करणाऱ्यांतला, लिटरभर रॉकेल मावणारा. नंबर 96 लहानसा, प्रवासाचा, पाय सोडवून डब्यात बसणारा. तो सापडला तर सोडू नये.

बर्नरवरून मात्र वय ठरवू नका. बर्नर जळतो, बदलला जातो. टाकी 1920 च्या दशकातली आणि बर्नर मुंबईच्या बाजारातला, अशी जोडी नेहमीची. काही संग्राहक असा स्टोव्ह नाकारतात. मला तोच अधिक प्रिय आहे, कारण तो वापरला गेला याचा तो पुरावा आहे. देशी स्टोव्हही कमी मोलाचे नाहीत. आय. एस. 1342 हा पंपाच्या स्टोव्हसाठीचा भारतीय मानकाचा क्रमांक, तो दिसला की स्टोव्ह स्वातंत्र्यानंतरचा. नुसतं ‘मेड इन इंडिया’ आणि अनोळखी छाप असेल तर तो छाप टिपून ठेवा, कारण लहान कारखान्यांचा मागोवा आता या छापांवरूनच घ्यावा लागणार आहे. म्हणूनच बाजारात पॉलिशच्या चाकावर चकाचक केलेला स्टोव्ह पाहिला की मला वाईट वाटतं. ते चाक कोरीव अक्षरं आणि वर्षाची खूण हळूहळू खाऊन टाकतं. बल्ब लावून त्याचा दिवा करणं तर त्याहून वाईट. भोक पाडलेली टाकी पुन्हा कधी दाब धरत नाही.

या वस्तूचा मागोवा घेताना एक पान वगळणं खोटेपणाचं होईल. 1970 आणि 80 च्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पुन्हा पुन्हा यायची. स्टोव्ह भडकतो हे खरं आहे. बर्नर पुरता तापायच्या आत पंप मारला तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल बाहेर येतं आणि पिवळा लोळ उठतो. चावी सोडली की तो बसतो. पण भडका नेहमी सुनेच्याच पदराला कसा लागतो, हा प्रश्न स्त्री-संघटनांनी विचारला आणि तो योग्यच होता. 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत कलम 498अ आणि 1986 मध्ये हुंडाबळीचं कलम 304ब आलं, त्यामागे अशा मृत्यूंचा मोठा वाटा आहे. कित्येक खुनांचा आळ या पितळी टाकीवर घातला गेला. माझ्याकडच्या स्टोव्हपैकी एखाद्याचा इतिहास तसा असेल का, हा विचार मला सोडत नाही.

उतरणीचा काळ लांबला. बर्मा शेलचा बर्शेन गॅस 1955 मध्ये मुंबईत आला, पण सामान्य घराला सिलिंडरसाठी पुढे वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागलं. तोवर रेशनच्या रॉकेलची रांग. 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणलं, तेव्हा धान्य-तेलाबरोबर रॉकेलचा प्रश्नही होताच. 1977 मध्ये इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने वातींचा ‘नूतन’ स्टोव्ह आणला. पंप नाही, पिन नाही, आवाज नाही. गॅस मिळेपर्यंत अनेकांनी तो पत्करला आणि पितळी स्टोव्ह बंबाच्या शेजारी जाऊन बसला. चहाच्या टपऱ्यांवर आणि वडापावच्या गाड्यांवर मोठे स्टोव्ह बरेच टिकले. आता रॉकेलच मिळेनासं झालंय.

तुमच्या माळ्यावर असा स्टोव्ह असेल तर तो मोडीत घालू नका. ओल्या फडक्याने पुसा, उलटा करा, टाकीवरची अक्षरं टिपून घ्या. त्यासोबत तो कुणी आणला, कुठल्या घरात वापरला आणि त्याच्यावर शेवटचा स्वयंपाक कुणी केला हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. ती माणसं असेपर्यंतच हे शक्य आहे. पेटवून पाहायचा असेल तर आधी वॉशर बदला, टाकीत हवा भरून ती साबणाच्या पाण्याने तपासा, आणि रॉकेलऐवजी पेट्रोल कधीही घालू नका.