जुन्या गाडीची जुळवाजुळव (भाग ७) : शाफ्ट अडतोय कुठे?

गेल्या आठवड्यात अ‍ॅम्बेसेडरचे मागचे पाटे कमान मारून परत चढवले. आता गाडी घोड्यांवर आहे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढची चाकं दगड लावून अडवलेली. तरीही प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवला की अर्ध्या फेऱ्यात जड होतो. इथे बहुतेक गॅरेजांत डिफरन्शियल उघडायची भाषा सुरू होते.

त्याआधी घोड्या कुठे लावल्यात ते बघा. बॉडीखाली असतील तर अ‍ॅक्सल पार खाली लोंबकळतोय. नुकत्याच कमान मारलेल्या पाट्यांनी तो आणखीच खाली जातो, शाफ्टाच्या टोकाच्या क्रॉसचा (युनिव्हर्सल जॉइंटचा) कोन वाढतो आणि योकचे कान एकमेकांना टेकतात. रस्त्यावर गाडी अशी चालत नसतेच. घोड्या अ‍ॅक्सलच्या नळीखाली घ्या, वजन पाट्यांवर येऊ द्या आणि मग फिरवा. पुष्कळदा दुखणं तिथेच संपतं.

नाही संपलं, तर शाफ्ट सोडवून दोन्ही क्रॉस हातात घेऊन तपासा. क्रॉस एका दिशेला सहज हलतो आणि दुसऱ्या दिशेला कडक लागतो? मग बेअरिंगची टोपी ठोकताना आतली एखादी सुई आडवी पडली असणार. खूण सोपी आहे: टोपी पुरती आत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसायला कुरकुरते. अशा वेळी हातोडा वाढवू नये. टोपी काढा, सुया मोजा, घट्ट ग्रीसमध्ये पुन्हा उभ्या लावा आणि व्हाइसमध्ये दाबत बसवा.

मग सरकता सांधा. अ‍ॅक्सल वर-खाली होताना शाफ्टाची लांबी थोडी बदलावी लागते. ते काम स्प्लाइनचं. कुठे ती शाफ्टावरच असते, कुठे गिअरबॉक्सच्या शेपटीत. रिस्टोरेशनच्या हौसेत तिच्यावरही रंगाचा फवारा बसतो, आणि मग ती सरकायची थांबून गिअरबॉक्स आणि पिनियनच्या बेअरिंगवर रेटा देते. सांधा शाफ्टावर असेल तर उघडण्याआधी दोन्ही भागांवर खूण करा, म्हणजे योक पुन्हा त्याच रेषेत बसतील. ते का महत्त्वाचं? एकटा क्रॉस कोनात फिरताना वेग एकसारखा देत नाही. १० अंशाला तो फेरीत दोनदा सुमारे दीड टक्का पुढे आणि तितकाच मागे जातो, ३० अंशाला फरक १३ ते १५ टक्क्यांवर पोचतो. दुसरा क्रॉस ही चूक फेडतो, पण शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आणि गिअरबॉक्स व पिनियन समांतर असतील तरच. हे बिघडलं तर शाफ्ट अडत नाही, धडधडतो. दोन तक्रारी एकत्र करू नका.

समांतरपणा बिघडतो तो मुख्यतः पाट्यांच्या बाजूने. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं नसेल तर यू-बोल्ट कितीही आवळा, अ‍ॅक्सल तिरकाच राहणार. गिअरबॉक्सखालचं रबर बसलेलं असेल तर त्या टोकाचा कोनही बदलतो. इंजिन-गिअरबॉक्स बदललेल्या गाडीत शाफ्टाची लांबीही मोजून घ्यावी. उत्तरपाऱ्यातून ही गाडी २०१४ पर्यंत निघत होती, त्यामुळे कुठल्या काळातला भाग कुठे बसवलाय याचा भरवसा नसतो.

पाट्यांचे आणि शॅकलचे बोल्ट शेवटी आवळायचे, तेही गाडी चाकांवर उभी असताना. लोंबकळत्या अ‍ॅक्सलवर आवळले तर बुशचं रबर पिळलेल्या स्थितीतच अडकतं, गाडी मागून उंच राहते आणि थोड्याच दिवसांत रबर फाटतं. पहिल्या मोठ्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुढच्या आठवड्यात.