मूळनिष्ठा की सहृदयता? : जपानी मंगाची अमेरिकन चित्ररूपांतरे आणि चाहत्यांच्या प्रतिक्रिया

साहित्यकृतीचे माध्यमांतर झाले की तिच्या वाचकवर्गातून ज्या प्रतिक्रिया उमटतात, त्यांच्याकडे समीक्षेने सामान्यतः उपेक्षेनेच पाहिले आहे. मूळ कृती वाचलेल्या प्रेक्षकाला तिच्यातील पान अन् पान पडद्यावर हवे असते आणि ते न मिळाल्यास तो रुष्ट होतो, असे गृहीत धरले जाते. या हट्टाला 'मूळनिष्ठा' असे नाव दिले की विषय संपतो. जपानी मंगावर आधारलेल्या आणि प्रत्यक्ष नटनटींनी साकारलेल्या अमेरिकन रूपांतरांना गेल्या काही वर्षांत मिळालेल्या प्रतिक्रिया मात्र हे गृहीतक पुन्हा तपासावयास लावतात. या प्रतिक्रियांमागे काही वाङ्मयीन निकष आहे काय, आणि असल्यास तो कोणता, याचा शोध चार रूपांतरांच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मंगा आणि त्याचा वाचक

मंगा हा जपानी चित्रकथेचा प्रकार होय. तो बहुधा कृष्णधवल असतो, उजवीकडून डावीकडे वाचला जातो आणि प्रथम नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊन मग पुस्तकरूप घेतो. १९६८ साली सुरू झालेल्या 'शोनेन जम्प' या नियतकालिकाने वाचकांचा कौल घेण्याची पद्धत रूढ केली. कोणत्या कथा आवडल्या हे वाचकाने अंकासोबतच्या छापील पत्रिकेवर कळवावयाचे, आणि कौल सातत्याने प्रतिकूल आला तर ती कथा आटोपती घ्यावयाची, अशी ही रीत आहे. क्रमशः प्रकाशनाचा हा व्यवहार मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' पत्रातून त्यांच्या कादंबऱ्या याच रीतीने वाचकांपर्यंत पोहोचत असत. जपानी नियतकालिकांनी मात्र वाचकाच्या प्रतिसादाला निर्मितीच्या यंत्रणेतच स्थान दिले.

याचा परिणाम असा की मंगाचा वाचक कृतीच्या घडणीचा दीर्घकालीन साक्षीदार असतो. अकिरा तोरियामा यांचा 'ड्रॅगन बॉल' १९८४ ते १९९५ असा अकरा वर्षे चालला. ऐइचिरो ओदा यांचा 'वन पीस' १९९७ साली सुरू झाला आणि त्याच्या खंडांची संख्या शंभराच्या पुढे गेली. बालपणी हाती घेतलेली कथा प्रौढपणीही चालूच आहे, असा अनुभव या वाचकाला येतो. जपानबाहेरचा वाचक भाषांतरातून आणि सचेतपटांतून याच अनुभवात सहभागी झाला. रूपांतराविषयीच्या प्रतिक्रियांची तीव्रता समजून घेताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येणार नाही.

२. न वाचलेली संहिता : 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन'

जेम्स वाँग दिग्दर्शित 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन' हा चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला. मंगातील गोकू हा रानात, माणसांपासून दूर वाढलेला, शेपूट असलेला मुलगा आहे. मोटार पाहून तो तिला राक्षस समजतो. जगाविषयीचे त्याचे निर्मळ अज्ञान हाच कथेतील विनोदाचा आणि साहसाचा उगम आहे. या व्यक्तिरेखेमागे 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातील चिनी कादंबरीतील वानरवीर उभा आहे. 'सोन गोकू' हे त्याच वानराच्या नावाचे जपानी उच्चारण होय. अमेरिकन चित्रपटात हा गोकू शाळेत दांडग्या मुलांचा जाच सोसणारा आणि वर्गातील मुलीवर अनुरक्त झालेला एक संकोची विद्यार्थी झाला.

चाहत्यांनी हा चित्रपट जवळजवळ एकमुखाने नाकारला. येथे हे लक्षात घ्यावयास हवे की तोरियामा यांनी स्वतःच चिनी कथेत मनसोक्त बदल केले होते आणि वाचकांना ते प्रिय झाले होते. तेव्हा बदल झाला एवढीच तक्रार असती, तर तिला आधार उरला नसता. वस्तुतः नायकाच्या ज्या निरागसतेवर सारी कथा तोललेली आहे तीच काढून टाकून तिच्या जागी अमेरिकन शालेय चित्रपटांचा ठरीव साचा बसविण्यात आला, हे वाचकांना खुपले. पुढे २०१३ साली तोरियामा यांनीही या पटकथेला आपल्या कृतीचे जग आकळले नव्हते आणि आपण सुचविलेले बदल मानले गेले नाहीत, अशा आशयाचे मत व्यक्त केले. २०१६ साली पटकथाकार बेन रॅम्झी यांनी चाहत्यांची जाहीर क्षमा मागितली. या कामाकडे आपण कृतीचे चाहते म्हणून गेलो नव्हतो, मोबदल्याकडे पाहून गेलो होतो, अशी कबुली त्यांनी दिली. चाहत्यांनी सात वर्षांपूर्वी जे ओळखले होते, त्याला या कबुलीने दुजोरा मिळाला. रूपांतरकार हा मुळात वाचकच नव्हता.

३. देह आणि आत्मा : 'घोस्ट इन द शेल'

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मासामुने शिरो यांचा 'घोस्ट इन द शेल' हा मंगा १९८९ साली प्रसिद्ध होऊ लागला. मामोरु ओशिई यांनी १९९५ साली त्यावर केलेला सचेतपट जगभर नावाजला गेला. मोतोको कुसानागी या नायिकेचे शरीर संपूर्णतः कृत्रिम आहे. यंत्रदेहात उरलेल्या चैतन्याला 'मी' म्हणता येईल काय, हा या कृतीचा प्रश्न. रूपर्ट सँडर्स दिग्दर्शित अमेरिकन चित्रपट २०१७ साली आला. नायिकेच्या भूमिकेसाठी स्कार्लेट जोहान्सन यांची निवड २०१५ सालीच जाहीर झाली होती आणि तिच्या विरोधातील निवेदनावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या होत्या.

या प्रतिक्रियांत एकवाक्यता नव्हती, हे विशेष. ओशिई यांनी निवडीचे समर्थन केले. नायिकेचा देह मुळातच धारण केलेला आहे, तेव्हा ती आशियाई नटीनेच साकारावी असे म्हणण्यास आधार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. जपानमधील पुष्कळ प्रेक्षकांनाही यात वावगे वाटले नाही, असे तत्कालीन वृत्तांतांवरून दिसते. याउलट अमेरिकेतील आशियाई वंशाच्या प्रेक्षकांचा रोष तीव्र होता. हा भेद दोन समाजांच्या स्थितीतून उद्भवलेला आहे. जपानमधील प्रेक्षकाच्या भोवती जपानी नटांनी साकारलेल्या कथांची वाण नाही. एक भूमिका परक्या नटीकडे गेल्याने त्याचे काही हिरावले जात नाही. अमेरिकेतील आशियाई वंशाच्या कलावंतांना मात्र मुख्य भूमिका क्वचितच लाभत आल्या आहेत. ज्या कथेत ती संधी स्वाभाविकपणे होती, तेथेही ती नाकारली गेली, हे त्यांचे दुःख होते. एकाच कृतीच्या दोन वाचकांचे अनुभव भिन्न असतात आणि दोन्ही खरे असतात, याचा हा उत्तम दाखला ठरावा.

चित्रपटाच्या कथानकाने या वादाला अनपेक्षित वळण दिले. गोऱ्या देहातील ही नायिका मुळात मोतोको नावाची जपानी मुलगी होती आणि एका कंपनीने तिचे चैतन्य काढून या देहात घातले, असा उलगडा अखेरीस होतो. ज्या कृत्याचा आरोप निर्मात्यांवर होत होता, तेच कृत्य कथेतील खलपुरुष करतात. आणि तरीही चित्रपट त्या विसंगतीशी झुंजत नाही. ओशिई यांच्या सचेतपटातील प्रसिद्ध दृश्ये, जसे की इमारतीवरून घेतलेली झेप, देहनिर्मितीचा क्रम, उथळ पाण्यातील झटापट, ही चित्रपटात मोठ्या कसोशीने पुन्हा उभी केली आहेत. दृश्यपातळीवरील मूळनिष्ठा येथे भरपूर होती, आणि मूळच्या दिग्दर्शकाचा पाठिंबाही होता. तरीही अनेक चाहत्यांना चित्रपट पोकळ वाटला, कारण 'मी कोण' या मूळच्या तात्त्विक प्रश्नाची जागा 'माझा भूतकाळ कोणी चोरला' या रहस्याने घेतली होती. देह जसाच्या तसा आणि आत्मा हरवलेला, असे या रूपांतराचे वर्णन करता येईल.

४. अर्धवट स्थलांतर : 'डेथ नोट'

त्सुगुमी ओबा यांचे लेखन आणि ताकेशी ओबाता यांची चित्रे असलेला 'डेथ नोट' २००३ ते २००६ या काळात प्रसिद्ध झाला. ज्या वहीत नाव लिहिले असता माणूस मरतो, अशी वही यागामी लाइट या अत्यंत बुद्धिमान विद्यार्थ्याच्या हाती लागते आणि तो जगाचा न्यायाधीश होऊ पाहतो. वहीच्या सामर्थ्याला काटेकोर नियम आहेत. त्या नियमांच्या आत चालणारे लाइट आणि 'एल' हा गुप्तहेर यांच्यातील बुद्धिबळ म्हणजे ही कथा. ॲडम विंगार्ड दिग्दर्शित अमेरिकन चित्रपट २०१७ साली आला. त्यात स्थळ सिॲटल आणि नायकाचे आडनाव टर्नर झाले.

येथे स्थलांतर उघडपणे केलेले असल्याने आक्षेपाचे स्वरूप पालटले. आशियाई वंशाच्या अमेरिकन नटाला ही भूमिका का मिळू नये, हा प्रश्न येथेही विचारला गेला आणि तो रास्तच होता. कारण अमेरिकन नायक म्हणजे गोरा नायक, हे समीकरण कथेने मागितलेले नव्हते. दुसरा आक्षेप व्यक्तिरेखेविषयी होता. मंगातील लाइट मृत्युदेव समोर उभा राहिल्यावर क्षणभर दचकतो आणि लगेच सावरून त्याच्याशी बोलू लागतो. त्याच्या थंड अहंकाराचा परिचय तेथेच होतो. चित्रपटातील लाइट बराच वेळ किंचाळत राहतो. 'एल' अखेरीस पिस्तूल घेऊन रस्त्यांतून धावतो. हे प्रसंग चाहत्यांच्या थट्टेचा विषय झाले. त्या थट्टेच्या तळाशी एक नेमके वाचन होते. बुद्धीच्या आधारे चालणारी कथा भयाच्या आणि आवेगाच्या आधारे चालविली, तर नियमांची ती वही निरुपयोगी होते.

५. बदल स्वीकारले जातात तेव्हा : 'वन पीस'

'वन पीस'ची आठ भागांची अमेरिकन मालिका ऑगस्ट २०२३ मध्ये प्रदर्शित झाली. पूर्वानुभवामुळे चाहते साशंक होते. प्रत्यक्षात मालिकेचे स्वागत झाले आणि दोन आठवड्यांतच पुढील सत्राची घोषणा करण्यात आली. या मालिकेत बदल थोडे नव्हते. गार्प हे पात्र मूळ क्रमाच्या बरेच आधी कथेत आले, क्रीग या खलनायकाचा वृत्तांत जवळजवळ गाळला गेला, आणि नायक लुफीची भूमिका इन्याकी गोदॉय या मेक्सिकन नटाने केली. निष्ठा म्हणजे बदलाचा अभाव, अशी चाहत्यांची धारणा असती तर ही मालिकाही नाकारली जावयास हवी होती.

ती नाकारली गेली नाही, याचे कारण कृतीच्या स्वभावात आहे. 'वन पीस'मधील खलाशी निरनिराळ्या वंशांचे वाटावेत, अशी त्या जगाची रचनाच आहे. खऱ्या जगात ते कोणत्या देशांचे असते, असे वाचकांनी विचारले असता ओदा यांनी लुफीला ब्राझील, सांजीला फ्रान्स असे देश पूर्वीच नेमून दिले होते. विविध देशांचा नटसंच हा त्यामुळे कथेचाच विस्तार ठरला. लुफीचा निर्व्याज आशावाद आणि सोबत्यांच्या स्वप्नांविषयीची त्याची असीम आस्था ही या कृतीची नाडी आहे. ती मालिकेत चालू राहिली. स्वतः ओदा निर्मितीत सहभागी होते आणि आपले समाधान होईपर्यंत मालिका प्रदर्शित होणार नाही, असे त्यांनी वाचकांना कळविले होते. तथापि मूळ कर्त्याची संमती हाच निर्णायक घटक होता, असे म्हणता येणार नाही. 'घोस्ट इन द शेल'ला ओशिई यांचे समर्थन उपयोगी पडले नव्हते.

६. निष्कर्षाच्या दिशेने

मराठी नाट्यपरंपरेने रूपांतराचा हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'झुंझारराव'मध्ये 'ऑथेल्लो'ला मराठी पेहराव मिळाला; पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'त लंडनच्या फुलविक्रेतीची बोली मराठी बोलीत उतरली. मूळ नाटक भाषा आणि सामाजिक प्रतिष्ठा यांच्या संबंधाविषयी होते, म्हणून शहर आणि नावे बदलूनही ते टिकले. स्थलांतर पूर्ण झाले आणि नाटकाचा प्रश्न शाबूत राहिला. या कसोटीवर पाहता 'डेथ नोट'चे अपयश स्थलांतरात नाही. स्थळ बदलताना प्रश्नही हरवला, यात आहे.

अभिनवगुप्ताने सहृदयाची दोन लक्षणे सांगितली आहेत. काव्याच्या सतत अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. वर्षानुवर्षे एकाच कृतीची पाने उलगडणाऱ्या मंगाच्या वाचकाजवळ पहिले लक्षण निश्चितच आहे. दुसऱ्याविषयी मात्र सरसकट विधान करता येत नाही. चित्रपट पाहण्याआधीच त्याला धिक्कारणारा, कलावंतांना धमकावणारा, किंवा 'एल'ची भूमिका कृष्णवर्णीय नटाने केली एवढ्यावरच रुष्ट होणारा चाहता तन्मयतेचा मार्ग स्वतःच बंद करतो. लाकीथ स्टॅनफील्ड यांनी ती भूमिका समर्थपणे केल्याचे चित्रपटाच्या अनेक कठोर टीकाकारांनीही मान्य केले, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. कृतीवरील प्रेम आणि कृतीवरील मालकी यांतील रेषा येथे ओलांडली जाते.

ही मर्यादा मान्य करूनही असे म्हणावे लागेल की चारही उदाहरणांतील प्रतिक्रियांच्या गोंगाटातून एक सुसंगत निकष ऐकू येतो. वेशभूषा, प्रसंगांचा क्रम, पात्रांचे देश यांतील बदल वाचक मोठ्या प्रमाणात सोसतो. कृती ज्या प्रश्नावर उभी आहे तो प्रश्न रूपांतरकाराला दिसला आहे काय, एवढे तो पाहतो. त्याचबरोबर, ज्या समाजाचे चेहरे पडद्यावर आधीच विरळ आहेत, त्या समाजातील वाचक आणखी एक न्याय्य प्रश्न विचारतो : या कथेत आम्हांला जागा होती, ती कोणी घेतली? पहिला प्रश्न वाङ्मयीन आहे, दुसरा सामाजिक. दोहोंची सरमिसळ केल्यास दोन्ही दुबळे होतात. दोन्ही वेगळे ठेवून ऐकले, तर रूपांतराच्या समीक्षेला त्यांतून पुष्कळ शिकता येण्यासारखे आहे. चाहत्यांच्या प्रतिक्रिया हे समीक्षेचे कच्चे रूप आहे. ते कच्चे आहे म्हणून टाकून देण्यापेक्षा त्याचे साक्षेपी वाचन करणे अभ्यासकांना अधिक लाभदायक ठरेल.