पोलीस रिव्हॉल्व्हरचे वय : अंक, छाप आणि नोंदवह्या

पोलीस दलातून बाद झालेल्या रिव्हॉल्व्हरचे वय ठरवताना प्रथम पाहिला जातो तो अनुक्रमांक; परंतु शस्त्राची चौकट साधारण केव्हा घडली एवढेच त्यावरून कळते, ते पुढे कोणाच्या हाती गेले आणि त्यात कोणते फेरफार झाले याविषयी तो काहीच सांगत नाही. पूर्वी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे मुख्यालय असलेल्या स्मिथ अँड वेसन कंपनीचे, १८९९ पासून बनत आलेले ‘मिलिटरी अँड पोलीस’ रिव्हॉल्व्हर याचा उत्तम नमुना आहे. १९४२ मध्ये त्याची अनुक्रमांकांची मालिका दहा लाखांच्या घरात पोहोचली, तेव्हा आकड्यांपूर्वी ‘व्ही’ हे अक्षर लावून नवी मालिका सुरू झाली. घोडा अडवणारी सुधारित सुरक्षापट्टी बसवल्यावर ‘एसव्ही’ आणि १९४८ पासून ‘सी’ ही अक्षरे आली. १९५७ नंतर ‘मॉडेल १०’ हे नाव चौकटीवरच, चक्र बाहेर काढल्यावर दिसणाऱ्या खाचेत, कोरले जाऊ लागले.

तथापि अनुक्रमांक कोरलेल्या चौकटी त्याच क्रमाने कारखान्याबाहेर पडत नसत, त्यामुळे माल रवाना झाल्याचा दिवस आणि मूळ खरेदीदार यांसाठी कंपनीच्या जुन्या नोंदवह्यांवरून दिले जाणारे पत्रच ग्राह्य मानावे लागते. मूठ, चक्राची मागची बाजू आणि नळीचा तळ यांवरील अंक जुळले नाहीत, तर ते शस्त्र निरनिराळ्या भागांतून जुळवलेले असण्याची शक्यता मोठी.

खरी फसगत होते ती नंतरच्या छापांमुळे. ऑस्ट्रेलियातील लिथगोच्या कारखान्यात युद्धकालीन रिव्हॉल्व्हरांची संपूर्ण दुरुस्ती झाली, तेव्हा त्यांवर ‘एफटीआर’ ही अक्षरे आणि वर्ष उमटवले गेले. ते वर्ष दुरुस्तीचे असूनही पुष्कळदा जन्मवर्ष समजले जाते. ब्रिटनला पुरवलेली .३८/२०० मापाची अनेक रिव्हॉल्व्हरे युद्धानंतर .३८ स्पेशल या लांब, परंतु किंचित सडपातळ काडतुसासाठी पोखरून घेण्यात आली आणि त्यांच्या नळ्याही कापल्या गेल्या. अशा शस्त्रात काडतुसाचे कवच बुडाशी फुगते किंवा फाटते, म्हणून हा फेरफार शोधणे केवळ हौसेचा भाग नाही.

अंक आणि दप्तर यांची सांगड घातल्यावर काय हाती लागते, याचे भारतीय उदाहरण रिव्हॉल्व्हरचे नसून पिस्तुलाचे आहे. लाहोरमध्ये १९२८ साली झालेल्या साँडर्स वधाच्या खटल्यातील, भगतसिंगांचे मानले जाणारे .३२ चे कोल्ट पिस्तूल मुद्देमाल म्हणून जमा झाले, पुढे फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेत आणि १९६९ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रशाळेत पोहोचले, आणि इतर शस्त्रांमध्ये अनोळखी होऊन राहिले. २०१६ मध्ये त्याची ओळख पटली ती खटल्याच्या कागदपत्रांतील १६८८९६ या अनुक्रमांकावरून.