वीज आली, पण दिवे कोणी लावले?

पावसाळ्यात मध्यरात्री वीज जाते. पंखा थांबतो, उकाड्यात कुशी बदलत घर कसेबसे झोपते. पहाटे तीनच्या सुमारास वीज परत येते आणि पंख्याबरोबर बेडरूमचे, हॉलचे, गॅलरीतले झाडून सगळे दिवे लख्ख पेटतात. रात्री ते मोबाइलवरून बंद केलेले असतात. ज्या घरांत 'स्मार्ट' बल्ब आले आहेत, तिथे हा प्रकार नवा नाही. बल्ब बिघडला असेल, वायफाय कोणी हॅक केले असेल, अशा शंका मग निघतात. प्रत्यक्षात बल्बने त्याला नेमून दिलेलेच काम चोख बजावलेले असते.

साधा बल्ब बंद करणे म्हणजे त्याची वीज तोडणे. स्मार्ट बल्बचे तसे नाही. मोबाइलवरून तो बंद केला तरी भिंतीवरचे बटण चालूच असते आणि होल्डरपर्यंत वीज पोहोचत असते. एलईडी विझतात, पण आत बसवलेली छोटी चिप साधारण अर्धा वॉट किंवा त्याहून कमी वीज घेत पुढच्या आज्ञेची वाट पाहत जागी राहते. वीज गेली की ही चिपही बंद पडते. वीज परतली की ती नव्याने सुरू होते आणि पहिल्याच क्षणी तिच्यापुढे प्रश्न येतो : पेटायचे की नाही?

खरी मेख इथे आहे. वीज तारेवर झाड पडल्यामुळे गेली होती, की घरातल्या आजींनी भिंतीवरचे बटण बंद केले होते, हे बल्बला कळण्याचा मार्गच नाही. दोन्ही वेळी त्याला एवढेच समजते, की मघाशी वीज नव्हती आणि आता आहे. अंधारात चाचपडत बटण दाबणाऱ्या माणसाला उजेड मिळालाच पाहिजे, या विचाराने बहुतेक कंपन्यांनी सुरुवातीपासून एकच नियम ठेवला : वीज आली की पेटायचे. फिलिप्सचे 'ह्यू' दिवे २०१२ मध्ये बाजारात आले. वीज आल्यावर दिव्याने काय करावे, हे ग्राहकाला ठरवू देणारी सोय त्यांत यायला २०१८ची अखेर उजाडली.

आता 'झिगबी' आणि 'मॅटर' या दोन्ही मानकांत यासाठी चार पर्याय आहेत : चालू, बंद, वीज जाण्यापूर्वी होता तसा, आणि पूर्वीच्या नेमका उलट. हा चौथा पर्याय कोणाच्या घरी कामाला येत असेल, हे कोडेच आहे. तिसरा सर्वांत शहाणपणाचा वाटतो, पण त्यालाही एक मर्यादा आहे. आपली स्थिती लक्षात ठेवायची तर बल्बला ती फ्लॅश मेमरीत लिहावी लागते आणि ही मेमरी लिहून लिहून झिजते. साधारण दहा हजार ते एक लाख वेळा लिहिले की तिचा भरवसा उरत नाही. म्हणून अनेक बल्ब प्रत्येक बदल लगेच न लिहिता काही सेकंद थांबून लिहितात. दिवा बंद केला आणि नेमक्या त्याच क्षणी वीज गेली, तर परत येताना तो जुन्या आठवणीप्रमाणे पेटलेलाच येऊ शकतो.

पेटलेला दिवा मोबाइलवरून बंद करावा, तर ॲप 'ऑफलाइन' म्हणून हात वर करते. कारण बल्ब सेकंद-दोन सेकंदांत जागा होतो, वायफायच्या राउटरला मात्र एक-दोन मिनिटे लागतात. बल्ब नेटवर्क शोधतो, सापडत नाही, थोडे थांबून पुन्हा शोधतो. वेळापत्रकाचेही असेच. बल्बमध्ये भिंतीवरच्या घड्याळासारखे स्वतंत्र सेलवर चालणारे घड्याळ सहसा नसते, तो वेळ इंटरनेटवरून विचारून घेतो. रात्री दहाला दिवा बंद होण्याची आज्ञा दिलेली असावी आणि वीज सव्वादहाला यावी, तर दहाची आज्ञा हुकलेली असते आणि दिवा सकाळपर्यंत जळत राहतो. कुलूप लावून गावी गेलेल्यांच्या घरात तर दिवसचे दिवस. राउटर इन्व्हर्टरवर घेतला, तर यातला बराच मनस्ताप टळतो.

महाराष्ट्रातल्या पावसाळ्याला साजेसा आणखी एक घोटाळा आहे. अनेक स्वस्त बल्ब नव्याने जोडणीसाठी तयार करायचे, तर बटण लागोपाठ तीन ते पाच वेळा चालू-बंद करायचे असते. आता वादळी संध्याकाळ आठवावी. फांदी तारेला घासते, फीडरवरचे स्वयंचलित ब्रेकर वीज तोडते, काही क्षणांत पुन्हा जोडून पाहते, दोष कायम असेल तर पुन्हा तोडते. वीज येते, जाते, येते, जाते. बल्बला वाटते, मालकच बटण खटखटवतो आहे. तो आपली सगळी ओळख पुसून टाकतो आणि लुकलुकत नव्या जोडणीची वाट पाहू लागतो. ज्यांनी कौतुकाने घरभर असे बल्ब लावले, त्यांना दुसऱ्या दिवशी ते एकेक करून पुन्हा जोडत बसावे लागते. शिडी ठेवलेली बरी.

हे सगळे गैरसोयीचे म्हणून सोडून दिले असते, पण मध्यरात्रीचा उजेड शरीराला लागतो. डोळ्याच्या पडद्यावर पाहण्यासाठी नव्हे, तर दिवस-रात्र ओळखण्यासाठी प्रकाश टिपणाऱ्या खास पेशी असतात. डेव्हिड बर्सन यांच्या चमूने २००२ मध्ये त्यांचा शोध जाहीर केला. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्या जाग्या झाल्या की झोपेशी निगडित मेलाटोनिनचे स्रवणे कमी होते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०२२ मध्ये २० निरोगी तरुणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातले काही जण एक रात्र १०० लक्स उजेडात झोपले होते. रात्री त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले आणि सकाळी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावलेला दिसला. प्रयोग लहान होता आणि एका रात्रीने कोणाला मधुमेह होत नाही. पण लहान खोलीत नऊ वॉटचा पांढरा एलईडी पूर्ण तेजाने लागला, तर त्याचा उजेड या पातळीपासून फार दूर नसतो. हलकी झोप असलेले वृद्ध, तान्ही बाळे, रात्रपाळी करून दिवसा पडदे ओढून झोपणारे, यांना हा दणका जास्त जाणवतो.

म्हणून सगळेच दिवे 'वीज आल्यावर बंद' करून टाकावेत का? तसे केल्यास आजींची पंचाईत. रात्री उठून त्यांनी भिंतीवरचे बटण बंद-चालू केले तरी दिवा लागणार नाही आणि अंधारात न्हाणीघराकडे जाताना पाय घसरण्याचा धोका झोपमोडीपेक्षा कितीतरी मोठा आहे. बेडरूमसाठी 'पूर्वी होता तसा' आणि पॅसेज, जिना, न्हाणीघर यांसाठी 'चालू', ही वाटणी बहुतेक घरांना मानवेल. काही बल्बांत वीज आल्यावरचे तेज आणि रंगही ठरवता येतो. तिथे पिवळसर, दहा टक्क्यांच्या आसपासचा उजेड ठेवावा. वाटही दिसते आणि डोळेही दिपत नाहीत.

बल्बऐवजी बोर्डाच्या मागे बसणारे स्मार्ट मॉड्यूल हा याहून बरा मार्ग. त्याला वीज सतत मिळते आणि भिंतीवरचे बटण ते वेगळ्या तारेने ओळखते. त्यामुळे बटण दाबले की वीजच गेली, हा फरक त्याला कळतो. शिवाय साधे बल्ब वापरता येतात आणि पाहुण्यांना बटणांबद्दल सूचना द्याव्या लागत नाहीत.

स्मार्ट प्लगची बाब मात्र वेगळी आहे. इस्त्री चालू असताना वीज गेली, घरची मंडळी तशीच बाहेर पडली आणि 'पूर्वी होता तसा' या नियमाने प्लग दुपारी पुन्हा सुरू झाला, तर तापलेल्या इस्त्रीखाली काय आहे हे त्याला ठाऊक नसते. इस्त्री, पाण्यातला हीटर, शेगडी अशा तापणाऱ्या वस्तू मुळात अशा प्लगवर लावू नयेत आणि लावल्याच असतील, तर वीज आल्यावर प्लग बंदच राहील अशी सेटिंग आधी करावी. ती खरोखर लागू झाली का, हे पाहण्यासाठी प्लगला टेबल लॅम्प जोडावा, मेन स्विच अर्धा मिनिट बंद करून पुन्हा लावावा आणि लॅम्प पेटतो का ते पाहावे.