फिलिपीन्सचा बोलो व त्याचा नवा अवतार

फिलिपीन्स बेटांतील शेतकऱ्याच्या कमरेस लाकडी म्यानांत जें हत्यार असतें, त्यास बोलो म्हणतात. तागालोग भाषेंत त्याचेंच नांव इताक. नारळ फोडणें, बांबू तोडणें, रान साफ करणें हीं सर्व कामें या एकाच पात्यानें होतात. पातें मुठीजवळ अरुंद व टोंकाकडे पोट सुटल्याप्रमाणें रुंद असतें. त्यामुळें वजन पुढें जातें, आणि घाव घालतांना मनगटाचे निम्मे श्रम तें वजनच उचलतें.

१८९६ सालीं स्पेनविरुद्ध उठाव झाला तेव्हां बंदुकांच्या अभावीं पुष्कळ लोक हाच बोलो घेऊन लढले. पुढें अमेरिकन सैन्यानें त्याचा गुण ओळखून १९०९ व १९१० या सालांचे नमुने ठरविले व ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यांत बनविले. आज परदेशी कारखान्यांतून निघणारे कित्येक मोठे सुरे याच वळणाचे असतात.

जुन्यांत व नव्यांत मुख्य फरक आहे तो मुठीच्या आंत. जुन्या बोलोच्या पात्याचें निमुळतें शेपूट लांकडाच्या किंवा रेड्याच्या शिंगाच्या मुठींत घालून राळेनें पक्कें करतात. मूठ फुटली तर शेतकरी घरींच दुसरी बसवितो. नव्या सुऱ्यांत बहुधा पातेंच पूर्ण रुंदीनें मुठीच्या शेवटापर्यंत नेऊन दोन्ही बाजूंस फळ्या रिबिटांनीं जडवितात. घावासरशीं मुठींतून सुटलेलें पातें शेजारच्या मजुराच्या अंगावर जाण्याची भीति यांत उरत नाहीं, हा लाभ मोठा आहे. परंतु मुठीकडे वजन वाढून पुढचा झोक कमी होतो. शिवाय पुष्कळ कारखानदार पातें फार जाड ठेवतात. असें पातें लांकूड चिरण्यास उत्तम, पण ओल्या वेली व कोंवळ्या फांद्या त्यानें तुटत नाहींत, चेंगरतात. आमच्या मतें येथें दिखाऊपणानें कामावर मात केली आहे.

तेथील लोहार, ज्यास पांदाय म्हणतात, तो बहुधा मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचें पोलाद वापरतो. आपल्याकडील लोहारही अशा पाट्याचा कोयता करून देतात. पाटा फार वापरलेला असल्यास त्यांत डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा असूं शकतात, व तें पातें एखाद्या गांठीवर एकाएकीं तुटतें. धार कडक व पाठ मऊ असावी. धारेवर कानस फिरवावी: ती सहज पोलाद खाऊं लागली, तर पाणी नीट चढलेलें नाहीं असें समजून माल परत करावा. उलट, चढविलेलें पाणी उतरविलेंच नसेल तर धारेचे तुकडे उडतात.

महसुलाच्या कचेरींत उभी हयात गेल्यामुळें आमचें लक्ष कायद्याकडेही जातें. फिलिपीन्सच्या १९७८ च्या कायद्यानें घराबाहेर धारदार हत्यार बाळगण्यास मनाई केली; मात्र चरितार्थाच्या कामीं लागणारें अवजार म्हणून त्याचा वापर चालू असेल, तर तें त्यांतून वगळलें. म्हणजे शेतांत राबणाऱ्याच्या हातीं तें अवजार आणि बाजारांत रिकाम्या फिरणाऱ्याच्या कमरेस तेंच हत्यार.